माझ्या नावाच्या खारका

आमच्या घरी सकाळ खलबत्त्याच्या आवाजानं व्हायची, आणि तो आवाज करणारी मी होते. शेजारच्या बाया म्हणायच्या, इंदी कुटायला बसली, उठा आता. चुलीपाशी लोखंडी खल घेऊन बसायचं, अडकित्त्यानं खारीक चिरायची, आतली बी काढून बाजूला ठेवायची आणि मग बत्ता हातात घ्यायचा. खारीक म्हणजे वाळवलेला खजूर, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, ही कुठल्या तरी झाडाची साल असावी, इतकी ती टणक. पहिले काही घाव नुसते निसटून जायचे. मग ती दबायची, तिचे दोरे सुटायचे, आणि खलातून गोडसर वास वर यायचा. त्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं, पण ते गिळायलासुद्धा मला उसंत नव्हती, कारण तोंडानं पाढे चालू असायचे.

पाढ्यांची ही रीत गिरजाआत्यानं घालून दिली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि आमच्या घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. माय उजाडायच्या आत शेतात निघायची, आत्या गोठ्यात शेणाला आणि दुधाला बसायची. गोठ्यातून चूल दिसत नव्हती, पण आवाज नीट ऐकू यायचा. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, "तोंड चालू ठेवजो वं. तोंड बंद झालं की मी समजीन, पोट्टी खाऊन राह्यली." तिच्या मनात मी गाणी म्हणावीत असं होतं. मला गाणी येत नव्हती, गळाही नव्हता, म्हणून मी शाळेतले पाढे धरले. आत्याला पाढ्यांतलं काही कळत नव्हतं, तिला आवाज हवा होता. श्वास घ्यायला थांबले तरी गोठ्यातून हाक यायची, "इंदे, थांबली काहून वं?" तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी मला चौथीत जायच्या आधीच पाठ होती. पुढं मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा लोक कौतुकानं विचारायचे, बाई, तुमचं गणित एवढं पक्कं कसं? मी सांगायचे, घरचं वळण.

कुटलेल्या खारका जायच्या दादाच्या दुधात. दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, वसंता त्याचं नाव, आणि बाबांनी त्याला पैलवान करायचं मनावर घेतलं होतं. बाबांना स्वतःला तरुणपणी कुस्तीचा नाद होता. तो पुरा झाला नाही, म्हणून आता मुलाच्या अंगावर फेडायचा होता. गावाबाहेरच्या मारुतीपाशी आखाडा होता, तिथून दादा लाल मातीनं माखून यायचा आणि पितळी वाटी तोंडाला लावायचा. खारीक, खोबरं, डिंक, कधी बदाम, वर तूप. वाटी संपली की तळाशी बसलेला गाळ तो बोटानं निपटून चाटायचा. आत्या समोर बसून ते पाहायची आणि म्हणायची, "हाडं भरली पायजेत वसंताची." आम्ही बाकीचे ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण खायचो. एक सांगते, आमच्याकडं गरिबी नव्हती. कपाशी चांगली यायची, गोठ्यात दुभतं होतं. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणारे सगळं गरिबीवर ढकलून मोकळे होतात.

मला खारीक द्यायची नाही याचं कारण वेगळं होतं आणि ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. खारीक उष्ण. उष्ण खाल्लं की मुलीला लवकर न्हाण येतं, आणि न्हाण आलेली मुलगी घरात ठेवत नाहीत. आत्याकडं या गोष्टीचे दाखले तयारच असायचे. पलीकडच्या घरातल्या कुठल्याशा मुलीनं म्हणे बाळंतिणीसाठी ठेवलेलं खारीक-खोबरं चोरून खाल्लं आणि त्याच हंगामात न्हातीधुती झाली. लगोलग लग्न लावून तिला उजवून टाकलं, तिकडं धनजकडं. "आता बसली पोट्टी लुगडं सावरत," असं म्हणून आत्या ती गोष्ट संपवायची. न्हाण म्हणजे नेमकं काय ते मला कळत नव्हतं. त्यानंतर मुलगी शाळेत दिसत नाही, एवढं दिसत होतं. माझ्या वर्गात आम्ही चार मुली बसायला लागलो होतो, त्यातली एक अशीच नाहीशी झाली होती. आत्या हे सांगत असताना माय भाकरी थापत असायची. ती हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. तिची भाकर मात्र अशा वेळी हमखास तव्यावर करपायची आणि आत्या तिला त्यावरून बोलायची.

एकदा मीच विचारलं होतं, "आत्या, माही हाडं भराची गरज नाई काय?" आत्या खो खो हसली. "तुह्या हाडाले काय करा लागते वं? तुले काय फड माराचा हाय?"

तिसरीची परीक्षा झाली होती आणि कपाशी घरात येऊन गेली होती, म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात असावी. खालचा डबा सरला होता आणि नवा डबा माळ्यावर होता. मुंग्यांपासून आणि माझ्यापासून दूर म्हणून आत्या तो वर ठेवायची. पण तिचे गुडघे धरलेले, तिला शिडी चढवत नव्हती, म्हणून तो उतरवायला मलाच पाठवायची. यातली गंमत तिला कधी दिसली नाही. "इंदे, चढ वरतं. डबा काढ," ती म्हणाली. मी चढले, डबा काखेत मारला आणि एका हातानं शिडी धरत उतरू लागले. मधल्या पायरीची दोरी सुटली. खाली दगडी जातं होतं. माझी डावी नडगी त्याच्या काठावर आपटली आणि आतून जो आवाज आला तो मला खलबत्त्याच्या आवाजाइतका ओळखीचा वाटला. डबा फुटला, खारका घरभर झाल्या. दारातून कोंबड्या आत शिरल्या. आत्या गोठ्यातून धावत आली आणि तिनं आधी पदर पसरून खारका गोळा केल्या. मग ती माझ्याकडं वळली.

शेतावरून माय आणि बाबा येईपर्यंत गल्लीतल्या बाया जमल्या होत्या, आणि आत्यानं त्यांना सांगून टाकलं होतं की पोट्टी खारका चोराले माळ्यावर चढली. मी सांगितलं की आत्यानंच पाठवलं होतं. माझं कोणी धरलं नाही, कारण मी रडत होते आणि आत्या रडत नव्हती. आपण पाठवलं असं ती म्हणाली असती तर बाबा तिला दोन शब्द बोलले असते, यापलीकडं काही झालं नसतं. तेवढे दोन शब्द वाचवायला तिनं मला चोर केलं. आज तिचं वय मी कधीच ओलांडलं आहे आणि म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणतात. मी या बाबतीत झाले नाही.

वाशिमच्या दवाखान्यात न्यायची गोष्ट निघाली होती. तिकडं पाय कापतात, असं आत्यानं ठामपणे सांगितल्यावर ती मिटली. मग जऊळक्याच्या पलीकडून गणूजी आला. गणूजी हाडं बसवायचा, बैलांची आणि माणसांची दोन्ही. जाड बोटांचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं माझा पाय हातात घेतला, बाबांनी खांदे दाबून धरले, आणि पुढचं मी लिहीत नाही. उडदाचं पीठ आणि कांडवेल वाटून त्यानं लेप दिला, बांबूच्या कांब्या लावल्या, वरून धडपं गुंडाळलं. सव्वा महिना पाय हलवायचा नाही म्हणाला. उठताना बाबांना म्हणाला, "पाटील, म्या हाड जागेवर ठेवलं. ते धरन कशानं? पोटातून काई गेलं पायजे. रोज खारीक कुटून दुधात द्या पोरीले. थोडं खोबरं, थोडा डिंक. नाई देल्लं तं माह्यावर बोल ठेवू नोका."

आत्या लगेच म्हणाली, "भाऊ, पोट्टीची जात हाय. उष्ण पडन."

बाबा म्हणाले, "पडू दे. लंगडी राह्यली तं काय करशीन?"

बाबांचं हे बोलणं मी बाजेवर पडल्या पडल्या ऐकलं आणि दुखणं क्षणभर विसरले. बाबा वाईट नव्हते. त्यांचा हात माझ्यावर कधी उठला नाही. मायवर उठायचा, पण ते त्या काळी कोणी वाईटात धरत नसत. पुढच्या बाजाराला ते छकडा जुंपून मालेगावला गेले. आमचं मालेगाव, जहांगीर मालेगाव, नाशिककडचं नव्हे. तिथं मेव्याचं दुकान असलेल्या हुसेनभाईंना त्यांनी माझ्या पायाचं सांगितलं असावं, कारण घरी आल्यावर त्यांनी हुसेनभाईंची नक्कल करून दाखवली: "बच्ची के वास्ते हय तो ये पीलीवाली लेव पाटील, काली मत लेव." वर हुसेनभाईंनी मूठभर मनुका फुकट टाकल्या होत्या, बच्चीकू आमच्याकडून म्हणून. बाबांनी पुडा सगळ्यांसमोर मायच्या हातात दिला. "हे इंदीचं हाय," ते म्हणाले. "तू देजो रोज तुह्या हातानं." आत्याच्या हातात न देता मायच्या हातात दिला, हे घरातल्या सगळ्यांनी पाहिलं. त्या घरात एखाद्या वस्तूला माझं नाव लागल्याचं मला तरी तेवढंच आठवतं.

मनुका मला मिळाल्या. मनुका थंड, त्यांनी काही होत नाही, असं आत्यानंच सांगितलं आणि माझ्या तळहातावर घातल्या. मी त्या एकेक करून जिभेवर फिरवल्या आणि दोन दिवस पुरवल्या.

मग दूध सुरू झालं. मी खाटल्याला खिळलेली, त्यामुळं कुटण्याचं काम मायकडं गेलं होतं. ती आणखी लवकर उठायची. मधल्या घरातल्या बाजेवरून मला बत्त्याचे घाव ऐकू यायचे. माय पाढे म्हणत नव्हती, तिला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. घाव थांबले की थोड्या वेळानं ती वाटी घेऊन यायची, माझ्या मानेखाली हात घालायची आणि म्हणायची, "पेय. एका दमात पेय." दूध गरम असायचं आणि गोड असायचं. पहिल्या दिवशी मी ते हावरटासारखं प्यायले. वाटी रिकामी झाली तेव्हा तिचं बूड लख्ख दिसत होतं.

जिनं दोन वर्षं रोज खारीक कुटली तिला खारकेबद्दल फसवता येत नाही. खारीक कितीही कुटा, तिचा रवा राहतो, तिचे दोरे राहतात, ते तळाशी बसतात आणि दातांत अडकतात. माझ्या वाटीत गूळ होता. दुसऱ्या दिवशीही गूळ होता. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माय, खारीक टाकली काय वं?" ती वाटीकडं पाहत म्हणाली, "टाकली ना. बारीक वाटली, विरघळली." मी तिच्याकडं पाहत राहिले. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही, पदरानं माझं तोंड पुसलं आणि शेतात निघून गेली. आत्या खोटं बोलली तेव्हा मला राग आला होता. माय खोटं बोलली तेव्हा राग आला नाही, मी भ्याले. दहा वर्षांच्या मुलीला आत्याशिवाय जगता येतं.

त्या खारका कुठं जात होत्या हे शोधावं लागलं नाही. दादा आखाड्यातून आला की माझ्या बाजेजवळच पाटावर बसायचा. तो माझ्याशी गोड होता, आखाड्यातल्या गमती सांगायचा, माझ्या पायाकडं पाहून हळहळायचा. आणि ते सांगता सांगता वाटीतला गाळ बोटानं निपटायचा. पिवळा गाळ. त्याच्या नेहमीच्या खारका काळपट असायच्या. पिवळ्या हुसेनभाईंनी माझ्यासाठी दिल्या होत्या. त्याला काही माहीत नव्हतं. त्याला दोन्हीकडच्या मिळून दुप्पट खारका मिळत होत्या एवढंच, आणि दुप्पट का, असा प्रश्न पुरुषाच्या ताटात सहसा पडत नाही. मी बाबांना सांगू शकले असते. रोज ठरवायचे, आज सांगते. मग बाबांचा आवाज अंगणात आला की मायची पाठ डोळ्यांपुढं यायची आणि मी गप्प बसायचे. गप्प बसून मी तिचा द्वेष करायचे. हा शब्द मोठा आहे, पण तोच खरा आहे. मी मनात म्हणायचे, हिला मुलगा हवा, हिला माझा पाय नको.

मधे मालेगावची जत्रा झाली. दादाची तिथली पहिली मोठी कुस्ती. सगळं घर छकड्यातून गेलं, माझ्याजवळ शेजारची म्हातारी बसवली. संध्याकाळी मंडळी परतली ती आवाज न करता. हलगी तापायच्या आत दादा चितपट झाला होता, समोरचा पोरगा त्याच्याहून हाडकुळा होता म्हणे. आत्या चूल पेटवता पेटवता म्हणाली, "दीठ लागली माह्या वसंताले." आणि माझ्या बाजेकडं अशी नजर टाकली की दीठ कोणाची ते सगळ्यांना कळावं. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

सव्वा महिना झाला आणि गणूजी पट्टी सोडायला आला. अंगणात घोंगडी घातली, मला उचलून तिच्यावर बसवलं. बाबा, आत्या, दादा, माय, दाराशी दोन-चार शेजारी. कांब्या निघाल्या, सुकलेला लेप पापुद्र्यांनी निघाला, आणि खालून माझा पाय निघाला. नडगीच्या मधोमध गाठ होती आणि गाठीच्या खालचा भाग किंचित बाहेर वळला होता. गणूजीनं मला काखेत धरून उभं केलं. उजवा पाय टेकला. डाव्याची टाच टेकेना. त्यानं खांदा दाबला, मी ओरडले, तरी टाच टेकली नाही. गणूजीनं मला खाली बसवलं, गाठीवरून अंगठा फिरवला आणि बाबांकडं न पाहता विचारलं, "पाटील, खारका देल्ल्या का नाई?"

बाबांनी मायकडं पाहिलं. "देल्ल्या का नाई वं?"

"देल्ल्या," माय म्हणाली. "रोज देल्ल्या."

"पोरीलेच पुसा," गणूजी म्हणाला.

बाबा माझ्यापुढं उकिडवे बसले. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. "इंदे, खरं सांग. खाल्ल्या तू खारका?"

जो प्रश्न मला सव्वा महिना हवा होता तो आता अंगणात सगळ्यांसमोर विचारला गेला होता. एका शब्दात मायचा आणि माझा हिशेब पुरा झाला असता. मी तिच्याकडं पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही, मला वाचव असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मार खाणाऱ्या बाईचा असतो तसा तो चेहरा कोरा होता. बाबांची मूठ गुडघ्यावर वळलेली होती.

"खाल्ल्या," मी म्हणाले.

गणूजीनं सुस्कारा सोडला. "मंग माह्या हाती काय हाय पाटील? खारीक खाऊनबी धरत नाई मंजे हाडच कच्चं. जल्माचंच कच्चं." बाबा उठले, म्हणाले, "आमी तं आमच्याकडून काई कमी नाई केलं." सगळ्यांची सुटका झाली. गणूजीची झाली, मायची झाली, बाबांची झाली, आत्याला तर बोलायला नवीन विषय मिळाला. दोष उरला तो माझ्या हाडात. त्या दिवसापासून मी कच्च्या हाडाची पोर झाले. हे नाव जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत पोचलं आणि चोर हे नाव त्याखाली दबून गेलं, तेवढाच फायदा.

इथं आजची एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मी घसरले तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरनं पायाचा फोटो काढला आणि जुना सांधा पाहून विचारलं, हे कोणी बसवलं? हाड मुळातच तिरपं बसवलं होतं म्हणाला. मी त्याला विचारलं, तेव्हा रोज खारीक खाल्ली असती तर? तो हसला. म्हणाला, आजी, खारीक चांगलीच, रोज खावी, हाडांना बळ येतं. पण वाकडं बसवलेलं हाड खारकेनं सरळ होत नाही. दादाची नात तेव्हापासून मला अंजीर आणि जर्दाळू आणून देते, मी ते खाते, चव चांगली असते. म्हणजे माझा पाय खारकांनी वाचला नसता. हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. माझं भांडण पायाचं कधी नव्हतंच बहुतेक. डॉक्टरला हे सांगून काय उपयोग, त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

पट्टी सुटल्यानंतरच्या आठवड्यातली दुपार. आत्या कोणाच्या तरी बारशाला गेली होती, पुरुष शेतावर होते. माय अवेळीच घरी आली. मी बाजेवर बसून पाय खाली सोडण्याचा सराव करत होते. ती माझ्याजवळ बसली, पदराची गाठ सोडली आणि एक खारीक काढून माझ्या हातात ठेवली. पिवळी, अख्खी, न कुटलेली.

"खाय."

"दादाची हाय," मी म्हणाले.

"तुहीच हाय."

"मंग तवा काहून नाई देल्ली? दादाले काहून देल्ली?"

माय बोलायला लागली ती जमिनीकडं पाहून, जात्याशी बोलावं तशी. "वसंतासाठी नाई ठेवल्या मी. फेकता येत नव्हत्या, कोनाच्या तरी नजरीस पडल्या असत्या, म्हनून त्याच्या दुधात गेल्या. मी तुह्याएवढी होती तवा माह्या मामानं खारका धाडल्या होत्या. मले कोनी आडवलं नाई. दिवाळीले खाल्ल्या अन् संक्रांतीले न्हाण आलं. चैतात उजवलं मले. या घरात आली तवा मले चुलीवरचं भांडं उतरवता येत नव्हतं वं. तुह्या आत्यानं हात भाजू भाजू शिकवलं. तुह्या बापानं..." तिथं ती थांबली आणि तिनं ते वाक्य सोडून दिलं. "तू शायेत जातं. पाढे म्हनतं तवा मी वावरात जाता जाता दारात उभी राहून आयकतो. म्हटलं, पायाचं हाड काय, धरनच आज ना उद्या. न्हाण एकदा आलं की माघारी जात नाई."

ती दारात उभी राहून ऐकायची, हे मला ठाऊक नव्हतं. मी आत्यासाठी ओरडत होते आणि ऐकणारी दुसरीच होती. सव्वा महिना जपून ठेवलेल्या रागाला आता टेकायला जागा उरली नाही, पण राग काही गेला नाही. तो कुठं ठेवायचा ते कळेना. तिनं माझ्यासाठी केलं होतं आणि माझा पाय वाकडा झाला होता, दोन्ही खरं होतं, आणि दहाव्या वर्षी या दोन गोष्टी एकदम धरता येत नाहीत. आताही फारशा येत नाहीत.

"मंग आता कायले देऊन राह्यली?" मी विचारलं.

मायनं माझ्या पायाकडं पाहिलं. वाकळेचं टोक ओढून तिनं तो झाकला आणि वाकळेवरूनच हात फिरवला.

"आता खाय," ती म्हणाली. "आता काई भेव नाई."

मी खारीक तोंडात घातली. दोन वर्षं कुटली, पण अख्खी कधी खाल्ली नव्हती. आधी ती दातांना दाद देईना, मग हळूहळू भिजली, मऊ झाली, आणि तोंडभर गोडवा सुटला. तो गिळता गिळता मायच्या बोलण्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. मला न्हाण आलं काय आणि न आलं काय, अशा पायाच्या मुलीला मागणी घालायला आता कोणी येणार नव्हतं. आणि हे माझ्या मायनं धरून टाकलं होतं, इतक्या पक्केपणानं की तिला खारकेचं भय उरलं नव्हतं. मी थुंकेन असं मला वाटलं. थुंकले नाही. खारीक फार गोड होती. मी ती सगळी खाल्ली, आणि मायकडं न पाहता हात पुढं केला.

"अजून हाय काय?"